रोज वार विचारणारे नाना

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की थकल्यासारखं होतं. मी पोलिसात होतो, म्हणून लोक मला खुनाच्या केसेस विचारतात. ही केस खुनाची नव्हती, पण खुनाची होता होता राहिली.

पिंपळगाव बसवंतजवळच्या गावातला एक द्राक्षबागायतदार तरुण ठाण्यात आला. त्याचे वडील, तात्या, आदल्या पहाटेपासून बेपत्ता होते. मोबाईल घरातच. मिसिंग दाखल केली, वायरलेसवर वर्णन दिलं, नाशिकच्या दवाखान्यांत दाखल रुग्णांमध्ये चौकशी केली. नाव कुठेच नाही. मग खबऱ्याने सांगितलं, तात्या शेवटचे दिसले ते सख्ख्या धाकट्या भावाच्या मोटारसायकलवर. त्या भावाला गाव नाना म्हणायचं. दोन घरांत बांधावरून वाद होता. मुलाने पारावर उभं राहून सगळ्यांदेखत सांगून टाकलं, "नानांनीच माझ्या बापाला संपवलं!"

नानांना चौकशीला बोलावलं.

"भावाला कुठं सोडलं?"

"हायवेला. येष्टीत बसवलं."

"कुठं चालले होते?"

"ते नाय सांगता येणार, साहेब."

"गाव तुम्हाला खुनी म्हणतंय."

"म्हणू द्या."

संध्याकाळी घरी सोडायचो, सकाळी पुन्हा हजर. आम्ही विहिरी पाहिल्या, शेततळं उपसलं. नानांच्या मुलीचं लग्न ठरलेलं होतं. मुलाकडच्यांचा निरोप आला, प्रकरण मिटल्याशिवाय बोलणी नको. तरी नाना ठिकाण सांगेनात.

एक गोष्ट मात्र खटकत होती. रोज बाकावर टेकताना नाना हवालदाराला विचारायचे, "दादा, आज वार कोणता?"

"का नाना, उपास हाय का?" हवालदार चिडवायचा.

चौकशीला आलेला माणूस बहुधा विचारतो, मला कधी सोडणार. यांनी ते एकदाही विचारलं नाही. हे कशाची तरी वाट बघत होते. मी दार लोटलं, चहा मागवला.

"नाना, कोणता वार यायचाय?"

त्यांनी कप बाजूला ठेवला. "शनवार. शनवारी तात्या येतील, त्यांनाच विचारा."

"तोवर पोरीचं लग्न मोडलं म्हणजे?"

टोपी काढून त्यांनी तोंड पुसलं. "नाशिकच्या मोठ्या दवाखान्यात शनवारपर्यंत डाक्टर पोरांची परीक्षा हाय, साहेब. तात्या तिथं पेशंट म्हणून जातात. पोराला कळलं तर मधूनच ओढून आणील. म्हणून त्यांनी माझ्याकडून शब्द घेतला."

नाशिकच्या त्या मोठ्या विद्यापीठ रुग्णालयात मी नोकरीभर गेलो, पण पोस्टमॉर्टेम आणि जबाबासाठी. अख्ख्या जिल्ह्याचं दुखणं तिथे येतं, एवढंच मला माहीत. त्या दुखण्यावरच पुढचे डॉक्टर तयार होतात, हे त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. तात्यांच्या काळजाची एक झडप बऱ्याच वर्षांपासून खराब. शर्ट काढून ते खाटेवर बसले होते आणि एक घाबरलेली मुलगी त्यांच्या छातीवर नळी लावून ऐकत होती. परीक्षकांनी हातानेच थांबा म्हटलं. मी थांबलो. माझ्या घराण्यात माझ्याआधी कॉलेजात कोणी गेलं नव्हतं. त्या मुलीला परीक्षेतून मधेच उठवणं मला जमलं नसतं. रात्री ते तिथल्याच धर्मशाळेत झोपायचे; रुग्णालयात दाखल नसल्यामुळे तात्यांचं नाव आम्हाला मिळालं नव्हतं.

तात्यांचा मुलगा माझ्यासोबतच होता. मागच्या वर्षी त्याने वडिलांना या परीक्षांना जायला बंदी घातली होती. "भत्त्यासाठी अंग दाखवता, लाज आणता." आम्हाला हे त्याने सांगितलंच नव्हतं.

तात्या बाहेर आले, आम्हाला बघून चमकले, मग मुलाला म्हणाले, "घरी मी खोकलो तर टीव्हीचा आवाज वाढवता. इथं पोरं हात धरून विचारतात, बाबा, दम कधीपासून लागतो? रोग मला पाठ हाय, पण सांगायचा नाय, सरांनी बजावलंय."

ठाण्यात नाना भावाशी एक शब्द बोलले नाहीत. पुतण्या पायाशी वाकला तेव्हा म्हणाले, "माझ्या पाया नको पडू. पारावर बोललास ना? पारावरच माघारी घे."

त्याने घेतलं. पण भर दुपारी, पारावर दोघं-तिघं म्हातारे पेंगत असताना. नानांच्या मुलीसाठी नवरदेवाकडचे पुन्हा आले नाहीत.

मिसिंगची फाईल मी तात्या सापडले त्याच दिवशी बंद केली होती. नानांच्या घरी जे बिघडलं, ते काही फाईलबरोबर मिटलं नाही. पुढे प्रत्येक मिसिंगला मी माझा पहिला प्रश्न बदलला. वैर कोणाशी, ते नंतर सांगा. हा माणूस कुठे गेला की त्याला बरं वाटतं, ते आधी सांगा. बहुतेक घरच्यांना सांगता यायचं नाही.