गळालेला ‘क’

वाचनालयाच्या छोट्या सभागृहात आम्ही चौघी लेखिका आपापल्या नव्या पुस्तकांविषयी बोलायला बसलो होतो. माझी मैत्रीण वासंती कविता वाचू लागली आणि एका ओळीपाशी अडखळली. पुस्तकात छापलं होतं, ‘आई गेली आणि घरात एक पोळी उरली.’

तिची प्रुफं मीच तपासली होती. शब्द ‘पोकळी’ होता. त्यातला ‘क’ माझ्या नजरेतून निसटला होता.

वासंती हसली. “पोकळी हवं होतं,” म्हणाली. मग पानाकडे बघत राहिली. “नको, राहू दे पोळीच. आई शेवटची पोळी कुणाला खाऊ द्यायची नाही. ‘कुणी आलंच तर?’ म्हणायची.” श्रोत्यांत पुढच्या रांगेत बसलेल्या एका बाईंनी डोळ्यांना पदर लावला.

मला खरं तर हायसं वाटायला हवं होतं. पण वाटला तो मत्सर, चांगला जळजळीत. एखादीच्या चुकासुद्धा कशा तिच्याच बाजूने उभ्या राहतात! आपण शब्द पारखून आणावा, चार वेळा खोडावा, तरी तो पाहुण्यासारखा अवघडून बसतो. हिच्याकडे तो पत्ता चुकून येतो आणि घरचाच होऊन जातो.

निघताना वासंतीने माझा हात दाबला. “तुझ्यामुळे गं!” ती अगदी मनापासून म्हणाली, हेच जास्त लागलं.

घरी येऊन मी माझा नवा कथासंग्रह उघडला. त्याची प्रुफं मी तीनदा वाचली होती. ‘पोकळी’ सात ठिकाणी सापडली. सातही ठिकाणी शुद्ध.