कोपऱ्यातलं नाव

माझे अब्बा पेंटर. एके काळी लातुरातल्या निम्म्या पाट्या आपल्या हातच्या होत्या असं ते सांगतात. मी थोडं कमी धरतो. पण प्रत्येक पाटीच्या खालच्या कोपऱ्यात त्यांचं नाव बारीक अक्षरात असायचं, हे मी स्वतः पाहिलंय. पुढचं गिऱ्हाईक त्या नावावरून घर शोधत यायचं. मग फ्लेक्स आले. क्लासवाल्यांना गुणवंतांचे हसरे फोटो पाहिजे होते, आणि ते काम ब्रशचं नव्हतं.

मी तेव्हा नांदेडला एका ऑफिसात वेबसाइट बनवायचो. काम माझं, नाव मालकाचं. ती नोकरी सोडून मी लातूरला परतलो आणि स्वतःचं काम सुरू केलं. अब्बांनी मला एकच सीझन दिला, दहावीच्या परीक्षेपासून क्लास भरेपर्यंत. तेवढ्यात बस्तान बसलं तर ठीक, नाहीतर मुकाट्यानं परत नांदेड. मला परत जायचं नव्हतं. इतकं कशालाच मी आजवर नको म्हटलं नव्हतं.

पहिलं काम मिळालं ते एका बायोलॉजीच्या सरांचं. त्यांना वेबसाइट कशाला हवी हे त्यांनाही माहीत नव्हतं. पलीकडच्या गल्लीतल्या क्लासची होती, एवढंच कारण. फोटो त्यांनी ढीगभर दिले. क्लासचा फोन नंबर मात्र दोन दिवसांत देतो म्हणाले, नवीन घ्यायचा होता. तो कधी आलाच नाही. मी प्रत्येक पानाच्या तळाशी माझं नाव आणि मोबाइल नंबर घातला, अब्बांच्या पद्धतीनं. घरी दाखवलं तेव्हा अब्बांनी गुणवंतांकडे बघितलंही नाही. सरळ तळाशी बोट ठेवलं आणि अजून थोडं मोठं कर म्हणाले. मी केलं. त्या कामावर आणखी दोन क्लास मिळाले आणि मी हवेत गेलो.

निकाल लागला आणि फोन सुरू झाले. भोकर, नायगाव, शिरूर अनंतपाळ. पहिल्या दिवशी वाटलं, गिऱ्हाइकं आली. ते सगळे पालक होते. अख्ख्या वेबसाइटवर एकच नंबर होता, आणि तो माझा. मी सर नाही, मी फक्त वेबसाइट बनवली, असं प्रत्येकाला सांगायचो. ते बरं बरं म्हणायचे आणि पुढच्या वाक्यात पुन्हा सर म्हणायचे. मी अक्षरशः हात टेकले. सरांना नंबर मागायला गेलो तर ते ॲडमिशनच्या गर्दीत. नंतर या, म्हणाले.

मग एका बाईंचा फोन आला. मुलीला जेमतेम मार्क होते आणि तिला डॉक्टर व्हायचं होतं.

"सर, पोरगी लई रडायलीय," बाई म्हणाल्या. "आमी भूकंपानंतर पत्र्याच्या शेडात वाढलेली मानसं, आमाला यातलं काय कळत न्हाई. तुमीच खरं सांगा, तिला आणू का नको?"

फोटो काढायला मी क्लासच्या आत जाऊन आलो होतो. फोटोतली मुलं वेगळ्या हॉलमध्ये बसायची, निवडून घेतलेली. बाकीची मागच्या पत्र्याच्या हॉलमध्ये, दाटीवाटीनं. मी ते जसंच्या तसं सांगितलं. गावाजवळच्या कॉलेजात घाला, म्हणालो. बाई उपकार झाले म्हणाल्या. मला फार बरं वाटलं. आज त्या बरं वाटण्याचीच लाज वाटते.

कारण बाई ऐकणाऱ्या होत्या, पण मुलगी नव्हती. आठवड्यानं दोघी क्लासमध्ये हजर झाल्या, आणि बाईंनी भरल्या ऑफिसात सांगितलं की तुमच्याच सरांनी फोनवर आम्हाला येऊ नका म्हटलं होतं. पोरीला आता मागच्या हॉलात बसवू नका, एवढीच त्यांची विनंती होती.

सरांनी मला बोलावलं. आवाज चढवला नाही. टेबलावरच्या कॉम्प्युटरवर वेबसाइट उघडली, तळाशी गेले आणि विचारलं, "हा नंबर कुणाचा?"

मी दुसऱ्या क्लासकडे पोरं वळवतो, असा त्यांचा पक्का समज झाला होता. त्यांनी वेबसाइट बंद करायला सांगितली. बातमी पसरली, आणि उरलेल्या दोन क्लासवाल्यांनीही संध्याकाळपर्यंत तेच सांगितलं. पुढच्या आठवड्यात तिघांचेही नवे फ्लेक्स लागले.

घरी सगळं सांगितलं तेव्हा अब्बा ब्रश पुसत होते. मग म्हणाले, भूकंपानंतर गावोगावच्या शेडांवर नंबर त्यांनीच टाकले होते. पहिल्या शेडांवर कोपऱ्यात स्वतःचं नावही घातलं होतं. त्या नावावरून लोक घर शोधत आले. आमचं पक्कं घर कधी, यादीत आमचं नाव आहे का. अब्बा तर फक्त नंबर टाकणारे. शेवटी रंगाचा डबा घेऊन ते परत गेले आणि प्रत्येक शेडावरचं आपलं नाव पुसून आले.

मला राग आला. मग मला आधी का नाही सांगितलंत, असं मी विचारलं.

"तुझं नाव लिहिलेलं बघायचं होतं मला," ते म्हणाले.

सोमवारच्या बसनं मी नांदेडला गेलो. खुर्ची तीच होती, मालकही तोच, आणि वेबसाइटच्या तळाला नावही त्याचंच. महिन्याभरानं अब्बांनी फोनवर विचारलं, काम कसं चाललंय, आणि तळाला नाव घालतोस ना.

हो, म्हणालो. आधीपेक्षा थोडं मोठं.