चौथा जावई

रफूवालीच्या घरात पुढच्या खोलीत तीन फोटो ओळीने टांगलेले होते: वडिलांचा, मावशीच्या नवऱ्याचा आणि थोरल्या बहिणीच्या नवऱ्याचा. घर आईच्या माहेरचं, म्हणजे तिघेही या घराचे जावई, आणि तिघेही चाळिशी गाठायच्या आत गेलेले. पणजीने म्हणे एका गरीब मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं होतं, आणि त्या मुलीने दारात उभं राहून सांगितलं होतं की या घराला जावई लाभणार नाही.

मावशी काचा पुसताना म्हणायची, "भिंत भरली गं बाई. चौथा खिळा ठोकायला जागा नाही."

रफूवाली हसायची. शापबिप ती मानत नव्हती. पण पणाला लागायचा होता तो जीव तिचा नव्हता, दुसऱ्याचा होता. तिथे नुसतं हसून भागत नव्हतं.

तो दुसरा म्हणजे चष्मेवाला. दोघांनी मिळून एक गाळा घेतला होता. दाराशी उजेडात ती, आत काचांच्या कपाटापाशी तो. कोटाला भोक पडलं की ती त्याच कोटाच्या आतल्या शिवणीतून धागा काढायची आणि उभा-आडवा विणत भोक बुजवायची. सुई ओवताना तिचा हात लांब जायला लागला, तसा त्याने न विचारता चष्मा करून तिच्या पुढ्यात ठेवला. गिऱ्हाइकांच्या कपड्यांची काळजी वाटते, एवढंच म्हणाला.

त्याने एकदाच मागणी घातली. तिने फोटोंची हकिकत सांगितली, तेव्हा तो हसला. मग तिचा चेहरा पाहून त्याने हसू आवरलं. तोड तिनेच काढली. जावई व्हायचंच नाही, म्हणजे शाप शोधणार कुणाला? दिवसभर दुकानात बरोबर राहायचं आणि संध्याकाळी आपापल्या घरी जायचं. तो तिच्या घराची पायरी कधी चढला नाही, आणि दोघांचं 'अहो-जाहो' कधी सुटलं नाही. शेजारचा शिंपी म्हणायचा, यांचं लग्न तेवढं राहिलंय, भांडणं मात्र मुरलेल्या संसाराची.

त्याने चाळिशी ओलांडली, मग पन्नाशीही. केस पिकले. आपण शापाला चकवलं, असं तिला मनातून वाटायला लागलं होतं.

एका दुपारी फ्रेममध्ये काच बसवता बसवता तो टेबलावर कोसळला. शिंप्याच्या मदतीने तिने त्याला दवाखान्यात नेलं. आत फक्त घरच्या माणसाला सोडत होते, आणि त्याची बहीण परगावाहून सकाळी पोहोचणार होती. तुम्ही कोण, असं नर्सने विचारलं. एका दुकानात असतो, असं ती म्हणाली. मग बसा बाकावर, नर्स म्हणाली.

दाराच्या काचेतून तो दिसत होता. सारखी मान वळवून दाराकडे बघत होता, पण त्याला दिसणार काय? कोसळताना पडलेला त्याचा चष्मा तर हिच्या पर्समध्ये. ती उठली.

"मी बायको त्यांची."

नर्सने तिला आत नेलं आणि त्याच्या कानाशी मोठ्याने सांगितलं, "आजोबा, मिसेस आल्या बघा."

तिने त्याला चष्मा चढवला. तो तिच्याकडे बघत राहिला आणि मग तोंडभर हसला. ते हसू पाहून तिला भिंतीवरचे तीन फोटो आठवले. ती घाईघाईने खाली वाकली.

"आत सोडत नव्हते म्हणून म्हटलं हो. खरं नाही ते. मी शब्द मागे घेते."

"कुणाला सांगतेयस?" तो म्हणाला. "राहू दे आता. ऐकलं मी."

संध्याकाळ व्हायच्या आत तो गेला. हृदय कधीचं थकलेलं होतं, कुणाच्या हातात काही नव्हतं, असं डॉक्टरांनी नीट समजावलं. आपण बाकावरच बसून राहिलो असतो तर, हे तिच्या ओठांवर आलं होतं. पण ते विचारायचं कुणाला? तिने मान डोलावली.

सकाळी त्याची बहीण आली. नर्सने बोट दाखवलं, तशी ती धावत येऊन "वहिनी" म्हणत गळ्यात पडली. रफूवालीला होही म्हणवेना, नाहीही म्हणवेना. ती तिच्या पाठीवरून हात फिरवत उभी राहिली.