राहाता ते नगर, एका 'ए'पायी दोनदा

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा आम्ही राहात्याहून नगरला कॉम्प्युटर आणायला गेलो. आजही त्या दुकानाचा विषय निघाला की माझं डोकं फिरतं. ताईने, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीने, छापखान्यातली नोकरी सोडली होती. स्वतःचं डीटीपी सेंटर टाकायचं, लग्नपत्रिका करायच्या, हे तिचं पक्कं होतं.

सकाळची एसटी धरलीत तरच खिडकी मिळेल. कोल्हारला चहा घ्या, भेळ खा, भज्यांच्या नादी लागू नका. राहुरीनंतर रस्त्याने आमची हाडं खिळखिळी केली, पण ताई वाटभर पत्रिकांच्या नक्षीबद्दलच बोलत होती.

आता नीट ऐका. सेलेरॉन तीनशे हा प्रोसेसर, म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू, दोन जातींचा यायचा. साध्या तीनशेत कॅश मेमरी, म्हणजे काम झपाट्याने उरकणारी हाताजवळची साठवण, औषधालाही नाही, 'तीनशे ए'मध्ये असते. एका अक्षराचा फरक, पण डिझाइनच्या कामात साधा तीनशे रडकुंडीला आणतो. ताईला हे ठाऊक होतं. दुकानात तिने विचारलं, "तीनशे ए का?"

दुकानदार म्हणाला, "हो, तीनशे ए."

कॅबिनेट सीलबंद होतं. विश्वासाने घेऊन आलो. घरी चालू केलं, तर पहिल्याच पडद्यावर कॅश मेमरीपुढे 'नन', म्हणजे काहीच नाही!

दुसऱ्या दिवशी कॅबिनेट मांडीवर घेऊन पुन्हा नगर, वर कंडक्टरने लगेजचं तिकीट फाडलं. दुकानदार म्हणाला, "मी 'तीनशे आहे' म्हणालो. बोलताना आहेचं ए होतं. तुम्ही भलतंच ऐकलं." आम्ही 'हाय' म्हणणारी माणसं, 'ए' म्हणजे 'आहे' हे आमच्या डोक्यात येणारच नाही, हे त्याने बरोबर हेरलं होतं. असला कोडगेपणा मी जन्मात पाहिला नव्हता.

तेवढ्यात फोन वाजला. कुणीतरी तेच विचारलं असणार, कारण हा गडी गोड आवाजात म्हणाला, "हो, तीनशे ए. या तुम्ही."

ताईने रिसीव्हर हिसकावला. "भाऊ, येऊ नका. हा 'तीनशे हाय' म्हनतोय. तुमचा ए हितं न्हाई."

त्याने आम्हाला अक्षरशः हाकललं. बदलून काही दिलं नाही. तुम्ही काहीही घ्या, दुकानातच सील फोडायला लावा, प्रोसेसरवरचं अक्षर डोळ्यांनी वाचा, पहिला पडदा बघा आणि मगच पैसे द्या.

तो फोनवरचा माणूस वाचला. ताईच्या मशीनवर एक पत्रिका उघडेपर्यंत गिऱ्हाईक उठून जायचं. लग्नसराई संपायच्या आत तिने सेंटर बंद केलं. छापखान्याच्या जुन्या मालकाने तिला परत घेतलं, पण आधीपेक्षा कमी पगारावर.