मुल्की खेळाडू

माझ्या सासूबाईंच्या लेखी जगात दोनच प्रकारची माणसं: मुल्की आणि गैरमुल्की. मुल्की म्हणजे हैदराबादचा, बाकी सगळे बाहेरचे. निजामाच्या काळचा हा शब्द चिक्कडपल्लीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये अजून रोज वापरात आहे. मी पुण्याची, म्हणजे लग्नापासून गैरमुल्की. डाळीत गूळ टाकला की ती गैरमुल्की डाळ, दुपारी जरा आडवी झाले की ती गैरमुल्की झोप. रागानं नाही हो, लाडानंच. पण कधीकधी लागायचं.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मी पुण्याला गेले, तेव्हाही त्या म्हणाल्या होत्या, "कैकू? इथले दवाखाने बंद पडले का?" पण रीत ती रीत. लेक पुण्यात जन्मली आणि बारसं आटोपून इथं आली, ती इथलीच झाली. चालायला लागली तशी चेंडूच्या मागेच लागली म्हणा ना. शाळा सुटली की मैदान, मैदान सुटलं की गुडघ्याला हळद.

यंदा इथल्या एका मुलींच्या व्यावसायिक फुटबॉल संघाची निवड होती. तिच्या कोचचा फोन आला, "बाहेरच्या खेळाडूंच्या जागा भरल्या. एकच जागा उरली आहे, ती फक्त लोकल मुलीला. उद्या या." झालं! लोकल म्हणजे इथं जन्मलेली, असं आम्ही शहाण्यांनी घरातच ठरवून टाकलं. नीट विचारायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही. पोरगी ताटावरून उठली. सासूबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "घे! आणखी जा माहेरी!" मला रात्रभर स्वतःच्या बाळंतपणाचा राग येत होता. आता बोला.

सकाळी सासूबाई इस्त्रीची साडी नेसून आमच्याआधी रिक्षात. मैदानावर संघाची मॅनेजर, एक तरुण तेलुगू मुलगी, काही विचारायच्या आत यांचं सुरू. "देखो बेटा, पुणे में पैदा हुई, इसमें बच्ची का क्या कसूर? मायके तो ये गई थी!" बोट अर्थात माझ्याकडे. मग वाकून त्यांनी नातीचा मोजा खाली ओढला आणि नडगीवरचे वण दाखवले. "ये सब यहाँ का मुरूम है. पुणे का एक बी नहीं." लेक लाजेनं अर्धी झाली होती.

मॅनेजर पोट धरून हसली. मग तिनं समजावलं, की जन्म कोणी विचारतच नाही. लहानपणीची काही वर्षं इथल्या क्लबमध्ये खेळ शिकलेली असली की झालं. "किधर पैदा हुई नहीं दादी, किधर सीखी, वो देखते. आपकी पोती पूरी लोकल है. अब उसको खेलने दो."

लेक खेळली. अशी खेळली की दुपारी ती जागा तिचीच झाली. मी तिथंच तिला मिठी मारून रडले. सासूबाई मात्र घरी येईपर्यंत "किधर सीखी, किधर सीखी" असं पुटपुटत होत्या.

संध्याकाळी मी खट्ट्या डाळीची फोडणी करत होते, तेवढ्यात माझ्या आईचा फोन आला. स्पीकरवर तिचा आवाज घरभर: "शेवटी पुण्याचं पाणी हो!" सासूबाईंनी फोन झडपलाच. "विहीणबाई, कुठं जन्मली ते नाही बघत. कुठं शिकली ते बघतात. नियमच आहे तसा."

मग ओट्याशी उभ्या असलेल्या माझ्याकडे त्यांनी बोट दाखवलं.

"आणि त्या नियमानं तुमची लेकसुद्धा मुल्कीच. सगळं इथंच शिकली. आता परत मागू नका."

मला इतकं भरून आलं की फोडणी पार करपली. आणि त्या करपलेल्या डाळीला कोणीही गैरमुल्की म्हटलं नाही.