बाहेर बसायचे दिवस

आमच्याकडे पाळी आली की बाईनं ओसरीच्या टोकाला पोत्यावर बसायचं. चुलीला, पाण्याला शिवायचं नाही. त्यामुळं कुणाची आली, कुणाची चुकली, हे साऱ्या घराला दिसतं. सुई घेताना हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

दोन मुलींनंतर मला लेकरू नको होतं. ऑपरेशनचं नाव काढलं की मालक म्हणायचे, "पोरगा झाल्याबिगर न्हाई." गोळ्या घरात सापडतात. म्हणून धाकटीला डोस द्यायला मुदखेडच्या दवाखान्यात गेले, तेव्हा लेकरू न होण्याची तीन महिन्यांची सुई घेऊन आले. नर्सबाई म्हणाल्या, पाळी थांबेल, भिऊ नका. मी मान हलवली, पण विश्वास बसला नाही. थांबलेलं रक्त जातं कुठं? न्हाणीत गेले की पोट दाबून बघायची.

पाळी खरंच थांबली. सासूबाई माझ्या भाकरीवर साय वाढायला लागल्या.

"डोळे जड दिसून राहिले गं तुझे. उलटी-बिलटी?"

"न्हाई, आत्याबाई."

मी घाबरले. दुसऱ्या दिवशी पोतं घेऊन खोटीच बाहेर बसले. साय बंद झाली. पण न्हाणीमागच्या दोरीकडं त्या सारख्या बघायच्या. दोरीवर कापड वाळत घालायचं मला सुचलंच नव्हतं.  

पुढं सोयाबीन काढायच्या घाईत मी बसायचंच विसरले. जेवताना मालक हसून म्हणाले, "आई, हिची चुकली वाटतं. औंदा पोरगाच बघ."

मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी.

"कशाची चुकली?" सासूबाई म्हणाल्या. "दुपारीच भाईर झाली ती. अगं, ठेव तो तांब्या! शिवून राहिलीस सगळ्याला. ध्यान कुठं हाय तुझं?"

मी जाऊन पोत्यावर बसले. दिवेलागणीलाच त्यांनी माझ्या हातून डोक्याला तेल घालून घेतलं होतं. म्हणजे त्या जाणूनबुजून खोटं बोलल्या; त्यांना सगळं ठाऊक होतं.

लांबूनच ताट सरकवत त्या हळू बोलल्या, "दोरीवर काहीतरी टाकत जा."

तेव्हापासून टाकते. पण त्यांनी मला का झाकलं, ते कळत नाही. नातू तर त्यांनाच हवा आहे. लेकाला कधी सांगतील, याचा नेम नाही.

आता तीन महिने भरत आले. पुढची सुई घ्यायला बाजाराच्या दिवशी मुदखेडला एकटीनं जायचं मी ठरवलं होतं. काल पिशवी झटकत त्या म्हणाल्या, "मी बी येते संगं."