स्काप्तीच्या अंगणातला मांडव

स्काप्ती आर्नासनने मागच्या अंगणात मांडव घालायचं ठरवलं, तेव्हा गावच्या दुकानातल्या कॉफीच्या टेबलावर ओरेस्टने त्याला पहिला प्रश्न विचारला.

"छप्पर नाही म्हणतोस?"

"नाही. नुसते खांब, त्यावर तुळया, तुळयांवर वासे. पर्गोला म्हणतात त्याला."

"म्हणजे पाऊस आला की भिजायचं, ऊन आलं की भाजायचं आणि बर्फ पडला की त्याखाली गाडून घ्यायचं. आपल्याकडे उन्हाळा असतो किती? बसायला खुर्ची काढेपर्यंत संपतो. हवाय कशाला तुला हा मांडव?"

"पोरीचं लग्न आहे, सिग्नीचं," स्काप्ती म्हणाला. "अंगणात करायचं म्हणते."

उद्या वारा आहे म्हणावं तसं तो हे म्हणाला. जो तो त्याच्या पाठीवर थाप मारायला उठला. ओरेस्टची बायको फ्रीडा तिथल्या तिथे म्हणाली, "केक मी करणार. सात थरांचा, आलुबुखाराचा. दुसऱ्या कोणाला सांगितलंस तर बघ!"

स्काप्तीभोवती इतकी माणसं जमलेली मी त्याआधी पाहिली नव्हती. माझं घर त्याच्या घरामागेच, मध्ये एक लाकडी कुंपण. वीस वर्षांचा शेजार, पण आमचं बोलणं हात वर करण्यापलीकडे गेलं नव्हतं. विनिपेग सरोवराच्या काठावरच्या या गावात निम्मी घरं आइसलँडच्या कोळ्यांच्या वंशातली, उरलेली बरीचशी ओरेस्टसारख्या युक्रेनी शेतकऱ्यांची. दोन्हीकडची माणसं भरभरून बोलणारी. स्काप्ती तेवढा मुखदुर्बळ. जन्मभर त्याने गावच्या रस्त्यांवरचा बर्फ ढकलायची गाडी चालवली. लोक जागे व्हायच्या आत त्याचं काम झालेलं असायचं. त्याच्या गाडीचा पिवळा दिवा सगळ्यांच्या ओळखीचा होता, आतला माणूस फारसा कोणाच्या नाही.

त्याच्या वाटचं त्याची बायको मार्लीन बोलायची. घरी फोन वाजला की स्काप्ती उचलून म्हणायचा, "थांब हं, मार्लीनला देतो." मुलीचा असला तरी तेच. मार्लीन गेली तेव्हा सिग्नी व्हँकूवरला नोकरीला होती. अंत्यविधीनंतर ती परत गेली आणि दर रविवारी सकाळी फोन करू लागली. तिच्याशी पहिल्यांदा बोलताना स्काप्तीच्या तोंडून सवयीने "थांब हं" निघून गेलं होतं. हे सगळं त्यानेच मला सांगितलं, पण फार उशिरा.

ईस्टरला सिग्नी म्हणाली, "बाबा, मटेओ आणि मी लग्न करतोय. ऑगस्टअखेर. घरी करू, मागच्या अंगणात. आईने लावलेल्या बर्चच्या झाडापाशी." त्या दिवसापासून माणूस बदलला. दुकानात जाऊन तो तयार मांडवांचे नमुने बघू लागला. पांढरा प्लॅस्टिकचा त्याला फार आवडला होता. ओरेस्टने तो हाणून पाडला.

"उणे चाळीसला त्या प्लॅस्टिकवर फावडं आपटून बघ. बिस्किटासारखं तुटतं. हलकं लाकूडही नको, पहिल्याच हिवाळ्यात पीळ पडेल. देवदार घे, चांगला जाड. रंग लावू नकोस, आपोआप चांदीसारखा होतो."

"आणि खांब?"

"खांब म्हणजे खरं काम. इथली चिकणमाती गोठली की फुगते आणि दात उपटावा तसा खांब वर काढते. माणूस उभा पुरेल इतकं खोल जायचं, थंडी पोचत नाही तिथपर्यंत. नाहीतर पुढच्या वसंतात तुझा मांडव दारू प्यायल्यासारखा उभा असेल."

ओरेस्टने आयुष्यभर धान्याची कोठारं बांधली होती, त्यामुळे कामाची सूत्रं आपसूक त्याच्याकडे गेली. मे महिना जमीन मोकळी व्हायची वाट बघण्यात गेला. जूनमध्ये ट्रॅक्टरला गिरमिट लावून ओरेस्टने चार खड्डे पाडले. खालची माती उन्हाळ्यातही बर्फासारखी गार निघाली. रविवारी खड्ड्यांत पुठ्ठ्याच्या नळ्या उभ्या होत्या आणि सोमवारी त्यांत काँक्रीट ओतायचं होतं.

त्या रविवारी सिग्नीचा फोन आला.

"बाबा, रागावू नकोस. मटेओच्या आजीला व्हिसा नाकारला. तिनेच त्याला लहानाचं मोठं केलंय. ती नसेल तर त्याच्यासाठी लग्नाला अर्थ नाही. म्हणून आम्ही मेक्सिकोला, त्यांच्या गावी लग्न करायचं ठरवतोय. तू येशील ना? तिकिटं आम्ही काढू."

"येईन की."

"खरंच? मला इतकी धाकधूक होती. आणि तू अंगणात काही सुरू नाही ना केलंस अजून?"

स्काप्तीने खिडकीतून बाहेर पाहिलं. चार नळ्या जमिनीतून डोकं काढून उभ्या होत्या.

"छे छे. अजून जमीनच कुठे मोकळी झालीये."

सोमवारी सकाळी ओरेस्ट काँक्रीट कालवायचं यंत्र घेऊन आला, दोघंतिघं हाताखाली आले. स्काप्तीने नेहमीसारखी सगळ्यांना कॉफी दिली, साखरेचे खडे पुढे केले आणि काम सुरू झालं. कोणाला काही बोलला नाही. संध्याकाळी काँक्रीट बसलं होतं, आणि त्याचं खोटंही.

जुलै पुरता त्या मांडवात गेला. काँक्रीटवर लोखंडी चपला बसवून त्यांत खांब उभे केले, म्हणजे लाकडाला ओल लागू नये. तुळया जोडीने टाकल्या. वासे पट्टी कडेवर उभी करावी तसे आणि मोकळे मोकळे ठेवले, बर्फ साचायला कमी जागा मिळावी म्हणून. सरोवरावरच्या उडणाऱ्या माश्यांचे थवे उठले आणि नव्या लाकडावर इतके चिकटले की ते झाडूने काढावे लागले. ओरेस्ट जवळजवळ रोज यायचा. फ्रीडा तळलेले मासे घेऊन यायची. येणारेजाणारे थांबून सल्ले देत. मीही एका दुपारी तुळईचं एक टोक धरलं. स्काप्ती शिडीवर उभा राहून चक्क गुणगुणत होता.

"पाहुणे किती?" कोणीतरी विचारायचं.

"अजून ठरतंय."

"पाद्री कोण?"

"ते सिग्नीच बघतेय."

तिकडे सिग्नी दर रविवारी विचारायची, पासपोर्टचं काय झालं? दोन रविवार त्याने "करतोय" म्हणून ढकलले. तिसऱ्या रविवारी म्हणाला, डॉक्टरने विमानात बसू नको सांगितलंय, छातीचं काहीतरी आहे. ती घाबरली. सगळं रद्द करून येते म्हणाली. त्याने मोठ्या मुश्किलीने तिला थांबवलं.

अशा गोष्टी किती दिवस झाकून राहणार? केकला मलईचा थर द्यायचा की नाही एवढंच विचारायला फ्रीडाने ऑगस्टच्या मध्याला परस्पर सिग्नीला फोन केला. लग्नाचं खरं ठिकाण आणि डॉक्टरची गोष्ट ऐकून तिने फोन ठेवला तो चेहरा पाडूनच. ओरेस्ट तडक स्काप्तीच्या अंगणात गेला. मी कुंपणाच्या अलीकडे वाटाणे तोडत होते. उठून आत जावं की नाही हे ठरवेपर्यंत सुरू झालं होतं.

"खाली उतर."

"शेवटचे दोन वासे राहिलेत."

"वासे गेले खड्ड्यात! खाली उतर म्हणतो ना."

स्काप्ती उतरला.

"लग्न मेक्सिकोत आहे. जूनपासून ठाऊक आहे तुला. आणि मी इथे रोज माझी कंबर मोडून घेतोय! कोणासाठी? बोल ना. आणि तो डॉक्टर कोण? मार्लीन गेल्यापासून दवाखान्याची पायरी चढलायस का तू?"

"नाही."

"मग पोरीला का घाबरवलंस? आम्हाला का फसवलंस?"

स्काप्तीने हातोडी हळूच गवतावर ठेवली.

"लग्न इथे नाही असं सांगितलं असतं, तर तू आला असतास मदतीला?"

"आलो असतो, गाढवा! पंचेचाळीस वर्षांची ओळख आहे."

"रोज?"

ओरेस्ट खोटं बोलणारा माणूस नव्हता. तो खांबाला टेकून खाली बसला. स्काप्तीही त्याच्या शेजारी बसला.

"पोरीला खरं सांग," ओरेस्ट म्हणाला. "आमचं सोड. आम्ही काय, दोन शिव्या घालू आणि विसरू. तिला सांग."

त्या रविवारी स्काप्तीने पहिल्यांदाच स्वतःहून फोन लावला. छाती धडधाकट असल्याचं सांगितलं. मांडवाचंही सांगितलं.

"म्हणजे तुला यायचंच नव्हतं," सिग्नी म्हणाली.

"यायचं होतं ग."

"मग?"

"एवढी माणसं. भाषा वेगळी. तुझी आई असती तर... मी तिथे कोणाशी बोलणार होतो?"

"माझ्याशी, बाबा."

एवढं बोलून तिने फोन ठेवला. आता पासपोर्ट काढायलाही वेळ उरला नव्हता.

लग्नाच्या दिवशी फ्रीडा केक घेऊन त्याच्याकडे गेली. तिने तो केलाच होता. म्हणाली, आलुबुखार भिजत घातलेले होते, फेकायचे कसे? तिने मलाही हाक मारली. ओरेस्टही आला होता. आम्ही चौघं मांडवाखाली बाकावर बसलो. ऊन वाशांमधून पट्ट्यापट्ट्यांनी खाली येत होतं. गावात याहून देखणा मांडव नव्हता आणि तसं म्हणायची कोणाची हिंमत नव्हती. मटेओच्या कोणा बहिणीने फोटो पाठवला. सिग्नीच्या केसांत फुलं होती आणि तिच्या हाताला धरून एक बुटकी म्हातारी उभी होती.

स्काप्तीने फोटो आम्हाला दाखवला. "ही ती आजी," म्हणाला. मग केकचा तुकडा हातात धरून बसून राहिला.

त्यानंतर रविवारचा फोन बंद झाला. सप्टेंबर गेला, बर्चची पानं गळून गेली, मांडवाच्या पायथ्याशी त्याने लावलेला हॉप्सचा वेल पहिल्या गोठणाऱ्या थंडीत काळा पडला. ओरेस्ट दोनचार वेळा आला, मग त्याच्या कंबरेचं ऑपरेशन झालं आणि त्याचं येणं थांबलं. गावाने त्या प्रकरणाची थोडी थट्टा केली आणि मग विसरून गेलं. रविवारी सकाळी मला माझ्या स्वयंपाकघरातून स्काप्ती दिसायचा, खिडकीपाशी कॉफीचा कप आणि शेजारी फोन. दुपारपर्यंत तो तसाच बसे.

बर्फ पडू लागला तेव्हा त्याला काम मिळालं. मोठा बर्फ पडून गेला की तो लांब दांड्याचं फावडं घेऊन बाहेर यायचा आणि वाशांवरचा बर्फ खाली पाडायचा. एवढी गरज नव्हती. वाशांना तेवढा भार सोसला असता. ओरेस्टने त्याचा हिशेब करूनच ते घातले होते. पण तो पाडत राहायचा, आणि मग खाली पडलेला बर्फ ढकलून मांडवाखालची जमीन साफ करायचा. त्याच्याशिवाय तिथे कोणी जाणार नव्हतं.

फेब्रुवारीत, सगळ्यात वाईट गारठ्याच्या आठवड्यात, एके सकाळी त्याच्या दारापुढे भाड्याची गाडी उभी राहिली. कळवल्याशिवाय आली होती सिग्नी. बरोबर मटेओ होता, विमानतळावरच विकत घेतलेला वाटावा असा कोट घालून. थोड्या वेळाने तिघं मागच्या दाराने बाहेर आले. सिग्नी मांडवाकडे बघत उभी राहिली. एका खांबावरून तिने हातमोज्याने बर्फ पुसला आणि लाकडावर हात ठेवला.

"हे सगळं तू माझ्याशी खोटं बोलत असताना बांधत होतास."

"हो."

"मी अजून चिडलेय, बाबा. येऊन भेटले म्हणजे ते संपलं असं समजू नकोस."

"नाही समजत."

मटेओने कोपऱ्यातलं फावडं उचललं आणि वाशांवरचा बर्फ पाडायला गेला. पहिला ढिगारा थेट त्याच्याच मानेवर आला. थंडी आत गेल्यावर तो जो किंचाळला, तो मला बंद खिडकीतून ऐकू आला. सिग्नी हसली नाही. स्काप्तीने मात्र पुढे होऊन जावयाच्या कॉलरमधला बर्फ काढला, त्याच्या हातातलं फावडं घेतलं आणि कुठे उभं राहायचं ते दाखवलं. शब्द फारसे लागले नाहीत.

दोन रात्री राहून ती दोघं गेली. स्काप्ती आपली गाडी घेऊन त्यांच्या मागोमाग विमानतळापर्यंत गेला. परत येताना रस्ता पांढरा झाला होता आणि पुढे बर्फ ढकलणारी गाडी चालली होती. तिच्या मागून हळूहळू तो गावात आला. घराचा दिवा न लावता गाडी उभी करून तो माझ्या दाराशी आला आणि दार वाजवलं. वीस वर्षांत पहिल्यांदा.

"चहा मिळेल का?" म्हणाला. "घरात जायला जिवावर आलंय."

मी चहा टाकला. तो टेबलाशी कोट न काढता बसला आणि सावकाश, अडखळत, मागून पुढून, ही सगळी हकीकत सांगू लागला. शेवटी म्हणाला, "रविवारी फोन करीन म्हणाली. नक्की नाही. बघू म्हणाली."

"करेल," मी म्हणाले.

"बघू," तो म्हणाला आणि कप पुढे केला.